माती न बघता घर, शोषखड्डा आणि बाग: बेळगाव परिसरातल्या या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात मातीचं एकच एक गणित चालत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं जांभा. बेळगावच्या उत्तर-पश्चिमेला उचगाव, हिंडलगा, कडोली पट्ट्यात तांबडी, रताळ्या-बटाट्याची जमीन. शहराच्या दक्षिणेला वडगाव-येळ्ळूर शिवारात भाताची काळी. निपाणी-चिकोडीकडं खोल काळी रानं, गोकाककडं वालुकाश्म, आणि अथणी-रायबागला पाणी देऊन देऊन खारवट झालेले उसाचे पट्टे. पाऊसही तसाच विषम. अथणीला वर्षाला ५००-६०० मिलिमीटर, तर कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट.

असं असताना जांभ्यावर हात बसलेला मेस्त्री तोच पाया काळ्या रानात घेतो, निपाणीतला शोषखड्ड्याचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्याचा, नकाशा खानापुरात जसाच्या तसा उतरतो, आणि कोकणातून आणलेली हापूसची कलमं चुनखडीच्या काळीत लागतात. घरांच्या कामांवर देखरेख करताना वर्षानुवर्षं हेच बघतोय. पैसे गेल्यावर लोक फोन करतात. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून हे लिहितोय.

वर पसरलेला मुरूम बघून माती ठरवणं

सगळ्यात जास्त घरं या चुकीनं तडकलीत. भाताची काळी जमीन प्लॉट पाडून विकायला काढली की आधी तिच्यावर मुरूम पडतो. रस्ते होतात, दगड रोवले जातात, आणि एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला टणक, तांबडी, कोरडी जागा दिसते. बूट आपटून बघितला तर आवाजही चांगला येतो. खाली काय आहे ते कोणी विचारत नाही.

लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी शहराच्या दक्षिणेला असाच एक प्लॉट घेतला. पेन्शनचे पैसे, मुलाच्या पगारावर कर्ज, सगळं त्यात घातलं. मेस्त्रीनं जागा बघून सांगितलं, “तांबडी हाय की माती, साहेब. चार फूट पाया बास झाला.” तळमजला आणि वर एक मजला उठला. दिवाळीला वास्तुशांत झाली. पहिला उन्हाळा आला आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. पावसाळ्यात त्या आपोआप बारीक झाल्या, म्हणून सुभेदारांनी पुट्टी भरून रंग मारून घेतला. पुढच्या मार्चमध्ये त्याच भेगा पहिल्यापेक्षा रुंद. ऑगस्टमध्ये मागचं दार चौकटीत अडकायचं, एप्रिलमध्ये सैल व्हायचं. कंपाउंडची भिंत रस्त्याकडं कलली.

मला बोलावलं तेव्हा पायाच्या कडेला खड्डा घ्यायला लावला. वर सव्वा फूट मुरूम. त्याखाली कोळशासारखी काळी माती, आणि त्या काळीतच पायाचा तळ टेकलेला. जेसीबीचा हात आठ फुटांपर्यंत गेला तरी काळीच. तिचं एक ओलसर ढेकूळ हातात फोडून सुभेदारांना दाखवलं. आतली बाजू कोणीतरी घासून पॉलिश केल्यागत चकचकीत, तिरप्या रेघा ओढलेली. माती दरवर्षी फुगून आणि आकसून स्वतःवरच घासली जाते, त्याची ही खूण. खड्ड्यात ही चमक दिसली की समजा, ती जमीन हलती आहे.

या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. आपल्याकडच्या खोल काळीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत धरली जाते. घराच्या मध्याखालची माती सावलीत ओलसर राहते, कडेची उन्हानं सुकते आणि पावसानं भिजते. म्हणजे घराच्या कडा वरखाली होतात आणि मधला भाग जागचा हलत नाही. तिरप्या भेगा त्यातूनच येतात. चार फूट पाया घेतला काय आणि पाच फूट घेतला काय, तळ फुगणाऱ्या थरातच राहिला तर दगडाचे पैसे तेवढे जास्त जातात.

सुभेदारांच्या घरात दोन गोष्टींनी भर घातली होती. गच्चीच्या पाण्याचा पाईप थेट कोपऱ्याच्या पायाशी सोडलेला. आणि त्याच कोपऱ्यात हौसेनं लावलेला गुलमोहर, जो उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घ्यायचा. आधी पाईप गटारीपर्यंत नेला. झाड काढलं. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा केला, जेणेकरून पायालगतची माती एकदम भिजणार नाही आणि एकदम सुकणारही नाही. आणि भेगांना वर्षभर हात लावू दिला नाही. आकसलेल्या दिवसांत रुंद झालेली भेग घट्ट भरली की माती फुगल्यावर भिंतीला परत मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. वर्षभर बघायचं, हालचाल कमी झाल्याची खात्री करायची, मग भरायचं. सुभेदारांना हे पटायला वेळ लागला. आता घर राहण्याजोगं आहे, पण केसाएवढ्या भेगा अजून येतात. त्या येतच राहतील.

सुरुवातीलाच खड्डा घेतला असता तर रस्ता होता. काळीचा थर चार-पाच फुटांत संपून खाली मुरूम लागत असेल, तर पाया त्या मुरमात नेऊन टेकवायचा आणि जमिनीलगत चारी बाजूंनी सळईचा प्लिंथ बीम बांधायचा. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं खास अशा मातीसाठी रुळवलेली ही पद्धत आहे. साधारण साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी दांड्याच्या अडीच पट व्यासाचा फुगवटा, आणि वर सगळ्या पाइल जोडणारे बीम. माती वर उचलू लागली की तळाचा फुगवटा घराला धरून ठेवतो. बीमच्या खाली मात्र थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर फुगलेली माती थेट बीमला ढकलते आणि पाइलचा खर्च वाया जातो. कामाच्या दिवशी उभं राहून हे बघा.

“काळी काढून वाळू भरू” असं कोणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा. चर खणून त्यात वाळू भरली की ती वाळू पाणी साठवते, आणि भोवतालच्या काळीला ते पाणी दिवसरात्र पाजत राहते. भर घालायचीच असेल तर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीची, थरावर थर दाबून. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं.

माझी सवय सांगतो. प्लॉटचे पैसे द्यायच्या आधी मालकाच्या परवानगीनं दोन खड्डे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, माणूस उभा राहील एवढे खोल. एक खड्डा सेप्टिक टाकी जिथं येणार तिथंच घ्यायचा, म्हणजे खणलेलं वाया जात नाही. दुसरा घराच्या रेषेबाहेर, कारण पायाखाली आलेला जुना खड्डा नंतर बसतो. मालक खड्ड्याला नाही म्हणाला की मी गिऱ्हाइकाला परत फिरायला सांगतो. लाखो रुपये मोजताना जेसीबीच्या एका तासाला मागंपुढं बघणारी माणसं रोज भेटतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

खड्ड्याच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट बघायची. राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढतं. मे महिन्यात खड्डा खडखडीत कोरडा असला तरी हे ठिपके खोटं बोलत नाहीत.

जांभा लागला की खडक लागला असं मानणं

खानापूरकडं पहिल्या दोन फुटांत कुदळ खणखणली की मेस्त्री आनंदानं पाया तिथंच थांबवतो. पुष्कळदा ते चालतंही. पण जांभ्याची वरची कवचासारखी पाठ कडक असते आणि तिच्याखाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती असू शकते. या तालुक्यात चांगली चिकणमाती आहे, खादी ग्रामोद्योगाची मध्यवर्ती कुंभारकाम संस्था खानापुरात आहे. ज्या मातीचे माठ आणि कौलं होतात ती पायाखाली आली, तर कवच पातळ असलेल्या जागी भार पेलत नाही. जांभ्यात पोकळ्याही असतात. दगड लागला तरी तो किती जाड आहे ते पहारीनं आरपार बघा, आणि जड घर असेल तर रीतसर सॉईल टेस्ट करून घ्या.

शोषखड्डा सगळीकडं सारखाच खणणं

ही तिसरी चूक, आणि हिच्यानं माणसं आजारी पडतात म्हणून हिचा मला जास्त राग येतो. सेप्टिक टाकी मैला पूर्ण शुद्ध करत नाही. घट्ट गाळ खाली बसवते, तेल-साय वर तरंगवते आणि मधलं घाण पाणी बाहेर सोडते. ते पाणी गाळायचं खरं काम माती करते. काळी माती ते पाणी पीतच नाही. जांभा ते इतक्या घाईनं पितो की गाळायला वेळच मिळत नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका वाडीतलं घर. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलानं गावी आईसाठी पक्कं बांधकाम केलं, संडास घरात घेतला. शोषखड्डा चढावर, विहीर उतारावर, दोहोंत जेमतेम ८ मीटर. जांभ्यात खड्डा खणला तेव्हा पाणी ओतताक्षणी गायब होत होतं, आणि सगळ्यांना तेच चांगलं लक्षण वाटलं. जुलैमध्ये विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. पोरांची पोटं बिघडली. आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात पाण्याला वास येतोच की रे बाबा, नवं काय त्यात?” मी शोषखड्ड्यात बादलीभर हिरवा रंग ओतायला लावला. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या चढाकडच्या झऱ्यातून हिरवट पाणी झिरपताना सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. खड्डा बंद केला, नवा उतारावर, विहिरीपासून लांब घेतला. विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकली, आणि पावसाळाभर पाणी उकळून प्यायला सांगितलं.

सेप्टिक टाकीसाठी आयएस २४७० हे भारतीय मानक आहे. त्यात पाणी जिरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर लांब असावी असं दिलंय. जांभ्यात मी १८ मीटरवरही समाधान मानत नाही. खड्डा विहिरीच्या उताराकडंच हवा. आणि तुमची विहीर लांब असली तरी शेजाऱ्याची कुठं आहे ते बघायलाच हवं. गावात दोन खड्ड्यांचा संडास करणार असाल तर अशा सच्छिद्र जागी खड्ड्याभोवती वाळूचा जाड थर आणि तळ बंद, असं करून घ्या.

आता दुसरं टोक. चिकोडी-निपाणीकडच्या काळीत शोषखड्डा उन्हाळ्यात बरा चालतो, कारण मातीला भेगा असतात आणि पाणी त्यांतून उतरतं. जूनमध्ये माती फुगून भेगा मिटल्या की खड्डा तुडुंब भरतो. मग संडासात पाणी उलटं येतं, घरचे मेस्त्रीला शिव्या देतात, आणि कोणीतरी रात्रीत टाकीचा पाईप उघड्या गटारीत सोडून मोकळं होतं. शेजारच्या पोरांच्या पायाशी आपली घाण वाहते, याची लाज वाटायला हवी.

पाणी जिरतं की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. शोषखड्ड्याच्या जागी ठरलेल्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचं भोक घ्या, तळाला मूठभर खडी टाका. संध्याकाळी पाण्यानं भरा आणि रात्रभर मुरू द्या, म्हणजे मातीला फुगायचं तेवढं ती फुगून घेते. सकाळी परत भरा, पट्टी उभी धरा, आणि पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते बघा. अर्ध्या तासाच्या आत गेलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्यापेक्षा उथळ लांब चर बरे, त्यांत खडी आणि सच्छिद्र पाईप. तासाच्या वर गेलं तर त्या जमिनीत जिरवायचा नाद सोडा. तिथं टाकीनंतर खडीची गाळण आणि वर कर्दळ, केळी लावलेला उंचावलेला वाफा करावा लागतो, त्यासाठी जाणकार माणूस गाठा. रात्रभर न मुरवता घेतलेली चाचणी काळ्या मातीत हमखास फसवते. “तासाभरात बघून सांगा” म्हणणाऱ्याला मी आकडा देतच नाही.

टाकीबद्दल एवढंच. टाकीचा तळ सिमेंटनं बंद हवा, खर्च वाचवायला उघडा सोडायचा नाही. भूजल वर असलेल्या भातखाचरात भर पावसात टाकी पूर्ण उपसू नका, रिकामी टाकी खालच्या पाण्यानं उचलली जाते. ॲसिड, फिनेल ओतू नका, टाकीतले जंतू मरतात आणि गाळ कुजणं थांबतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

फक्त उन्हाळ्यात जागा बघणं. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा जा, शेजारच्या विहिरीत पाणी किती वर आहे ते डोकावून बघा. वडगाव-येळ्ळूरकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात कुठवर पसरतं ते शेतकऱ्यांना विचारा, त्यांना बांध न् बांध माहीत असतो. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठी घर बांधणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ च्या पुराची खूण शोधून प्लिंथ तिच्या वर घ्यावी.

शेजाऱ्याच्या पायाची नक्कल करणं. एकाच लेआउटमध्ये एक प्लॉट पक्क्या मुरमावर आणि दुसरा बुजवलेल्या नाल्यावर असतो.

जुनी विहीर किंवा दगडाची खाण बुजवलेली जागा. ती भर कचरा, विटांचे तुकडे आणि पोत्यांची असते, वर्षानुवर्षं बसत राहते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय असा व्यवहार करू नका.

खारवट पट्ट्यात ओलबंद थर न घालता भिंत उचलणं. जमिनीतलं मीठ पाण्याबरोबर भिंतीत चढतं, लोणा लागतो आणि दर वर्षी गिलावा सुटतो.

बागेतल्या चुका

घर झालं की लोक बागेकडं वळतात आणि तिथंही घाई. काळीत एक मीटरचा खड्डा खणून त्यात शेणखत आणि तांबडी माती भरून कलम लावतात. पावसात भोवतालची काळी पाणी बाहेर जाऊ देत नाही, खड्ड्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. काळीत झाड उंचवट्यावर लावायचं, हात-दीड हात उंच. जांभ्यात उलट. तिथं खड्डा मोठा हवा, एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यायचा, तळ पहारीनं फोडायचा, वरची माती आणि कुजलेलं खत भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर लावायचं.

काळीच्या वाफ्यात दोन पाट्या वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही, उलट सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते. शेणखत, पालापाचोळा आणि धीर, एवढंच तिथं कामाला येतं. चुलीची राख काळीत टाकू नका, ती माती आधीच अल्कधर्मी असते. मातीत पांढरे चुनखडीचे खडे दिसत असतील तर लिंबू, गुलाब, डाळिंब यांची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. तिथं खताची पोती वाढवून उपयोग नाही. खानापूरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत चुना उपयोगी पडतो, पण किती ते तपासणीनंतरच.

तपासणीचा नमुना एका जागचा घेऊ नका. बागेत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या, कडेचा पातळ काप घ्या, सगळं मिसळून चार भाग करत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती त्यात नको. मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत चौकशी करा. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते, ती कपाटात ठेवण्यासाठी नसते. तिच्यावरचा सामू, म्हणजे पीएच, आणि क्षारांचा आकडा आधी वाचा.

अथणी-रायबागकडं जमिनीवर पांढरा थर दिसला की लोक दुकानातून जिप्सम आणून पसरतात. चोपण जमिनीत, म्हणजे सामू साडेआठच्या वर असताना, जिप्सम कामाला येतं. नुसत्या खारवट जमिनीत ते काही करत नाही, तिथं क्षार धुऊन बाहेर काढायला चर लागतो. आणि चोपणीतही निचऱ्याचा चर नसेल तर जिप्समनं सुटलेलं मीठ तिथल्या तिथंच फिरत राहतं. आधी चर, मग जिप्सम, मग पाणी.

वाफसा, म्हणजे मातीत कामाजोगती ओल, आल्याशिवाय काळीला कुदळ लावू नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्यानं टोचा. गोळा भुगा होऊन सुटला तर काम करा. अंगठा रुतून चिकटला तर अजून दोन दिवस थांबा, नाहीतर पडलेली ढेकळं पुढच्या पावसापर्यंत फुटणार नाहीत.